‘गिव्ह’ म्हणजे देणे, मग ‘गिव्ह अप’ म्हणजे?

मावशीने बोलावले की जायचे, कारण विचारायचे नाही, असा आमच्या घरचा जुना शिरस्ता आहे. २०१६ सालच्या पावसाळ्यात असाच तिचा निरोप आला आणि मी उस्मानपुऱ्यातल्या तिच्या घरी जाऊन पोचलो. तिने चहाचे आधण ठेवले, बँकेचे पासबुक माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाली, ‘‘बघ बरं, यात गॅसचे पैसे कुठं दिसतात का? चार महिने झाले, माझ्या तर नजरेला पडेनात.’’

मी चष्मा लावून पाने उलटली. काकांच्या मागे मिळणारे निवृत्तिवेतन दर महिन्याला नेमाने जमा होत होते. व्याजाचे दोन आकडे होते. पण सिलिंडर घेतल्यानंतर जमा होणारी ती शे-सव्वाशे रुपयांची रक्कम मार्चनंतर कुठेच नव्हती. तुम्हाआम्हाला ही रक्कम किरकोळ वाटेल. मावशीच्या हिशेबाच्या वहीत मात्र तिची जागा ठरलेली असे. त्या पैशांत तिची रक्तदाबाची गोळी येई.

दुसऱ्या दिवशी गॅस एजन्सीत गेलो. खिडकीतल्या मुलाने नंबर टाकला, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘‘सर, यांनी सबसिडी सोडलीये. गिव्ह इट अप केलंय.’’

‘‘कोणी केलं?’’

‘‘त्यांनीच. त्यांच्याच मोबाइलवरून.’’

मी तणतणत मावशीकडे आलो. माझा असा समज की कोणीतरी तिला फसवले असावे. ती मात्र शांतपणे मेथी निवडत होती. ‘‘गिव्ह इट अप का? ते मीच केलं की रे,’’ ती म्हणाली. मग सारी हकीकत बाहेर आली. सिलिंडर नोंदवायला फोन लावला, की शेजारच्या बिऱ्हाडातला चौथीतला मुलगा तिला बटणे दाबून देतो. त्या दिवशी तो म्हणाला, ‘‘आजी, गिव्ह इट अप करायचं का, असं विचारतायत.’’

‘‘गिव्ह म्हणजे काय रे?’’ मावशीने विचारले.

‘‘गिव्ह म्हणजे देणे.’’

‘‘आणि अप?’’

‘‘अप म्हणजे वर.’’

मावशीने क्षणभर विचार केला. देणे, आणि तेही वर. म्हणजे आहे त्यावर आणखी काही देणार असतील. भाजीवाला नाही का, मेथीची जुडी घेतली की वर मूठभर कोथिंबीर देत? ‘‘मग दाब की बाळा,’’ ती म्हणाली. ‘‘देतायत तर नाही कशाला म्हणायचं?’’

बटण दाबले गेले. ‘वर’ काही आलेच नाही, उलट होते तेही गेले.

त्या दिवशी मला हसू आले आणि मेल्याहून मेल्यासारखेही झाले. मेल्यासारखे अशासाठी, की मी या शहरातल्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. ‘गिव्ह, गेव्ह, गिव्हन, गिव्ह म्हणजे देणे’ हे पाढ्यासारखे सुरात म्हणवून घेणारा मीच. त्या चौथीतल्या पोराने मावशीला दिलेले उत्तर शंभर टक्के बरोबर होते. माझ्या वर्गात त्याला त्याबद्दल पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. तेच उत्तर मावशीला मात्र महिना शंभर रुपयांना पडले.

शेपटीत जीव

इंग्रजीत अशा क्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. साधे, रोजच्या वापरातले क्रियापद घ्यायचे: देणे, घेणे, येणे, जाणे, ठेवणे. त्याच्या मागे ‘अप’, ‘डाऊन’, ‘इन’, ‘आऊट’, ‘ऑफ’ असे एखादे चिमुकले शेपूट जोडायचे, की मूळ क्रियापदाचा अर्थ पार बदलून जातो. मारुतीचे बळ शेपटीत होते म्हणतात, तसे या क्रियापदांचेही आहे.

डॉ. सॅम्युअल जॉन्सन या इंग्रज पंडिताने १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश छापला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने हा धोका नोंदवून ठेवला होता. क्रियापदामागे एखादे अव्यय लावून अर्थ फिरवण्याची इंग्रजीला फार खोड आहे आणि परक्या माणसाला सगळ्यांत जास्त अडचण होते ती इथेच, अशा आशयाचे त्याने लिहिले आहे. या प्रकाराला नाव मिळाले ते मात्र खूप उशिरा. लोगन पियर्सॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकात ‘फ्रेझल व्हर्ब’ हा शब्द आला आणि तो हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे त्यांनी तिथेच सांगून टाकले. म्हणजे इंग्रज माणूस शेकडो वर्षे जे सहज बोलत होता, त्याला नाव ठेवायला विसावे शतक उजाडावे लागले. घरच्या माणसाला घरातल्या अडगळीची सवय होते. ठेच लागते ती पाहुण्याला!

एका ‘गिव्ह’चेच कुटुंब पाहा. ‘गिव्ह बॅक’ म्हणजे परत देणे. इथपर्यंत सारे सरळ आहे. ‘गिव्ह अवे’ म्हणजे फुकट देऊन टाकणे. पण गुपित फोडणे म्हणजेही ‘गिव्ह अवे’, आणि लग्नात वधूपिता मुलीचा हात वराच्या हाती देतो तेही ‘गिव्ह अवे’. ‘गिव्ह आऊट’ म्हणजे वाटणे, जशी चौकात उभे राहून पत्रके वाटतात. पण विहिरीवरची मोटार ऐन उन्हाळ्यात बंद पडली किंवा दौलताबादचा किल्ला चढताना गुडघ्यांनी दगा दिला, तर तेही ‘गिव्ह आऊट’च. ‘गिव्ह ऑफ’ म्हणजे वास, धूर किंवा उष्णता बाहेर टाकणे. ‘गिव्ह इन’ म्हणजे नमणे. नातू तासभर रडला, शेवटी आजोबांनी आइस्क्रीम आणून दिले, तर आजोबांनी ‘गिव्ह इन’ केले. यातल्या निम्म्या ठिकाणी देणाऱ्याच्या हातात देण्यासारखे काही नसतेच!

‘बोलून बसलो’ म्हणजे कुठे बसलात?

इंग्रजीला हसण्याआधी आपण आपल्याच अंगणात पाहावे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या शेजारी बँकेतले एक तमिळभाषक अधिकारी बदलून आले होते. हौशी गृहस्थ. त्यांनी चंग बांधून मराठी शिकायला घेतली. रोज संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे यायचे. एकदा म्हणाले, ‘‘सर, काल ऑफिसमध्ये एक जण म्हणाला, मी साहेबांना बोलून बसलो. पण तो तर उभा होता.’’

मी समजावले, की इथे ‘बसणे’ म्हणजे बूड टेकणे नव्हे. नको ते हातून घडले आणि आता पस्तावतो आहे, असा त्याचा अर्थ. त्यांनी वहीत लिहून घेतले आणि विचारले, ‘‘मग ‘विसरून गेलो’ म्हणजे कुठे गेलो? आणि ‘खाऊन टाकलं’ म्हणजे आधी खाल्लं आणि मग टाकलं?’’

त्या दिवशी मला कळले, की फ्रेझल व्हर्ब शिकवताना मी वर्गात उगीचच इंग्रजीला नावे ठेवत होतो. आपले ‘देणे’च घ्या. ‘देऊन टाकले’ म्हणजे देऊन मोकळा झालो. ‘देऊन बसलो’ म्हणजे दिले खरे, पण आता हात चोळतो आहे. ‘देऊ केले’ म्हणजे पुढे केले, समोरच्याने घेतले की नाही ते देव जाणे. ‘देत सुटला’ म्हणजे आगापिछा न पाहता वाटत गेला. ‘देऊन ठेवले’ म्हणजे पुढची सोय आधीच केली. ‘देऊन पाहिले’ म्हणजे उपयोग होतो का ते अजमावले. इंग्रजी आपल्या क्रियापदाला अव्ययाचे शेपूट लावते, तर मराठी दुसरे क्रियापदच शेपटासारखे जोडते आणि त्या दुसऱ्याचा मूळ अर्थ निमूटपणे पुसून टाकते. आता हेच पाहा: ‘पुसून टाकते’ असे मी लिहून गेलो, आणि काही टाकलेले नाही की कुठे गेलेलो नाही!

आपल्या व्याकरणकारांनीही यावर पुष्कळ डोके चालवले आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संयुक्त क्रियापद कशाला म्हणावे याची सविस्तर चर्चा आहे. शाळेत ती कोणी गोडीने वाचत नाही, आणि वाचायची गरजही पडत नाही. तीन वर्षांचे पोरसुद्धा ‘पडलो’ कधी म्हणायचे आणि ‘पडून गेले’ कधी म्हणायचे, ते बिनचूक जाणते. मावशीचेच पाहा ना. सारी हकीकत सांगून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘म्हणजे मी बटण दाबून बसले म्हणायची.’’ तिच्या त्या ‘बसले’मध्ये सगळे आले. इंग्रजीच्या ज्या खोडीने ती फसली, तीच खोड ती मराठीत लीलया वापरत होती.

यातूनच शिकवण्याची एक वाट मला उशिरा का होईना, सापडली. इंग्रजी ‘अप’ दर वेळी ‘वर’ नसतो. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ या सगळ्यांत ‘अप’चा अर्थ ‘पुरते, शेवटपर्यंत’ असा आहे, म्हणजे आपले ‘टाकणे’. ईट अप म्हणजे खाऊन टाक, ड्रिंक अप म्हणजे पिऊन टाक, यूज अप म्हणजे वापरून टाक. या चालीने ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘देऊन टाक’ इथपर्यंत तर माणूस येतोच, आणि तिथून ‘सोडून दे’ फार लांब नाही. हा नियम नव्हे, नुसती खूणगाठ आहे. इंग्रजीत घर ‘बर्न अप’ही होते आणि ‘बर्न डाऊन’ही, वर जळो की खाली जळो, राख तेवढीच. पण वर्गातल्या मुलांना अशी खूणगाठ पाठ केलेल्या यादीपेक्षा लवकर उलगडते.

किल्ले दिले, हार नाही

आता खुद्द ‘गिव्ह अप’कडे वळू. याचा जुना अर्थ ‘स्वाधीन करणे’. किल्ला, तलवार, राजमुद्रा असे काही आपल्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणे. तो अर्थ आजही जिवंत आहे. गुन्हेगार स्वतःहून पोलिसांत हजर झाला, तर त्याने स्वतःला ‘गिव्ह अप’ केले. बसमध्ये तरुणाने म्हाताऱ्या बाईसाठी जागा सोडली, तर ती जागा त्याने ‘गिव्ह अप’ केली. तिथून अर्थ पसरत गेला. तंबाखू सोडणे, नोकरी सोडणे, आशा सोडणे, प्रयत्न सोडणे. कोडे घालणारा विचारतो, ‘‘हरलास?’’ आणि आपण म्हणतो, ‘‘हरलो बुवा, सांग आता.’’ त्या वेळी इंग्रज मूल म्हणते, ‘‘आय गिव्ह अप.’’ १६११ सालच्या इंग्रजी बायबलात देह ठेवण्याला ‘गिव्ह अप द घोस्ट’ असा शब्दप्रयोग आहे. आपल्याकडे माणूस ‘प्राण सोडतो’. सात समुद्रांचे अंतर, पण मरणाच्या दारात दोन्ही भाषांनी एकच क्रिया निवडली.

मुले ‘गिव्ह अप’ आणि ‘गिव्ह इन’ यांत हमखास गोंधळतात. दोन्हींचा अर्थ कोशात ‘शरण जाणे’ असा दिलेला असतो, मग फरक काय? मी फळ्यावर एक ऐतिहासिक उदाहरण लिहीत असे. जून १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांशी पुरंदरचा तह झाला. शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले. इंग्रजीत सांगायचे, तर किल्ले ‘गिव्ह अप’ केले. पण स्वराज्याचा संकल्प ‘गिव्ह अप’ केला नाही, आणि औरंगजेबापुढे ‘गिव्ह इन’ तर मुळीच केले नाही. पाच वर्षांत, १६७० साली, कोंढाण्यापासून ते किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली. वस्तू सोडणे वेगळे, प्रयत्न सोडणे वेगळे आणि मान तुकवणे वेगळे. हे उदाहरण दिले, की शेवटच्या बाकावरची मुलेही मान वर करत. पुढे परीक्षेत ती चुकत नसत.

आणखी एका ठिकाणी मात्र ती चुकतच. ‘गिव्ह अप टी’ म्हटले तरी चालते, ‘गिव्ह टी अप’ म्हटले तरी चालते. पण चहाऐवजी सर्वनाम आले, की ते मध्येच बसले पाहिजे. ‘गिव्ह इट अप’ बरोबर, ‘गिव्ह अप इट’ चूक. दुसरी गंमत अशी, की एखादी सवय सोडायची, तर ‘टु स्मोक’ नाही, ‘स्मोकिंग’च सोडावे लागते. मुले विचारत, ‘‘सर, असं का?’’ मी म्हणे, ‘‘तुम्ही ‘सोडूनच दे’, ‘सोडून तरी दे’, ‘सोडून का देत नाहीस’ असे मध्ये शब्द घालताना मला विचारता का?’’

मार्च २०१५ मध्ये पंतप्रधानांनी सधन कुटुंबांना गॅसची सबसिडी स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन केले आणि त्या मोहिमेला नावच मिळाले ‘गिव्ह इट अप’. वर्षभरात एक कोटीहून अधिक ग्राहकांनी ती सोडली. एखादे फ्रेझल व्हर्ब, तेही सर्वनाम अचूक मध्ये बसवून, या देशाच्या स्वयंपाकघरापर्यंत इतके आत आल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. मोहिमेचा हेतू जाहिरातींत सगळ्या भाषांत समजावलेला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मावशीच्या कानावर मात्र फक्त ते तीन शब्द आले, आणि त्यांचा अर्थ सांगायला माझ्या पद्धतीने शिकलेले एक पोर जवळ उभे होते.

कोश छापणारे गाव

मावशीला इंग्रजी का येत नाही, हा प्रश्न तिच्या नातवंडांना पडतो. तिचा जन्म १९४१ सालचा, म्हणजे निजामाच्या राज्यातला. त्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली तेव्हा मावशी सात वर्षांची होती. चार यत्ता झाल्या आणि तिची शाळा सुटली. इथे १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाविद्यालय सुरू केले, १९५८ साली विद्यापीठ आले. पण तोवर ती संसाराला लागली होती.

गंमत अशी, की याच शहराने एकेकाळी इंग्रजी शब्दांचा मोठा कोश सिद्ध केला होता. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार सुमारे पाव शतक इथून, तेव्हाच्या औरंगाबादेतून चालवला. त्यांचा भरभक्कम ‘स्टँडर्ड इंग्लिश-उर्दू डिक्शनरी’ १९३७ साली इथेच निघाला. पुढच्याच वर्षी संस्था दिल्लीला गेली. लंडन-मुंबईपासून दूर असलेल्या या गावात बसून काही माणसे एकेका इंग्रजी शब्दाला आपल्या भाषेत घर शोधून देत होती. आज त्याची आठवणही फार थोड्यांना आहे.

मराठी शाळांत आमच्या पिढीला इंग्रजी भेटले ते पाचवीत. घरात ‘तर्खडकरां’ची भाषांतर पाठमाला असली, तर त्या मुलाचे नशीब थोर. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यावर खूप वाद झाला. पहिलीपासून असावे की पाचवीपासून, यावर मी बोलणार नाही. पण इतकी वर्षे वर्गात काढल्यावर एवढे नक्की सांगेन, की प्रश्न केवळ इयत्तेचा नाही. सुटा शब्द आणि त्याचा सुटा अर्थ अशा जोड्या लावून पोराला कितीही लवकर पढवले, तरी ते आपल्या आजीला ‘अप म्हणजे वर’ असेच सांगणार. वाळूजच्या कारखान्यात रुजू होणारा मुलगा सूचनाफलकावर ‘शट डाऊन’ वाचतो, बँकेचा संदेश ‘ऑप्ट आऊट’ विचारतो, विम्याच्या कागदावर ‘साइन अप’ असते. हे शब्द कवितेत नाहीत, व्यवहारात आहेत. तिथे शेपूट चुकले, की गुण नव्हे, पैसे जातात, कधी हक्क जातो.

सोडले आणि सुटले

पुन्हा मावशीकडे येतो. सबसिडी सोडलेल्यांना वर्षानंतर ती परत मागता येत होती. मी तिला ते सांगितले आणि त्याबरोबर शिक्षकाची खोड म्हणून उपदेशही केला. म्हटले, ‘‘मावशी, गेले ते जाऊ दे. गोरगरिबांच्या घरी गॅस पोचावा म्हणून लोकांनी हे पैसे सोडलेत. तू दान केलं असं समज. पाणी सोडलं म्हण.’’

मराठीत आपण एखाद्या गोष्टीवर पाणी सोडतो, तुळशीपत्र ठेवतो. दान देताना संकल्प सांगून हातावरून पाणी सोडतात. देणे आणि सोडणे ही एकाच क्षणी घडतात. त्यातूनच हा वाक्प्रचार आला. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडणे, हा इंग्रजीचा प्रवास आपल्याकडे त्या एका पळीभर पाण्यात आधीच झालेला आहे. मला वाटले, मावशीला हे पटेल. सोडण्याच्या बाबतीत तिचा हात धरणारे कोणी नाही. दर चातुर्मासात ती काही ना काही सोडते. काकांबरोबर काशीला गेली, तेव्हा रिवाजाप्रमाणे आपली सर्वांत आवडती गोष्ट तिथे सोडून आली. लोक बेताने कारले किंवा पडवळ सोडतात. मावशीने सीताफळ सोडले. दौलताबादच्या बाजूची सीताफळे गल्लीत टोपल्यांनी येतात, ती आजही स्वतः निवडून घेते, आम्हाला वाट्यांमध्ये गर काढून देते, आणि स्वतः बोटसुद्धा चाखत नाही.

पण माझ्या उपदेशावर तिने मेथीची जुडी खाली ठेवली. ‘‘पाणी सोडताना आधी संकल्प सांगतात की नाही?’’ तिने विचारले. ‘‘कोण देतंय, काय देतंय, कोणाला देतंय, हे तोंडानं म्हणावं लागतं. मी कुठं म्हटलं? मला तर वाटलं, ते मलाच देतायत. न कळता गेलं त्याला दान म्हणत नाहीत रे, हरवलं म्हणतात. सीताफळ मी सोडलं. हे सोडलेलं नाही. तू फॉर्म भर.’’

एकतीस वर्षांत ‘गिव्ह अप’ची इतकी नेमकी व्याख्या मी एकदाही केली नव्हती. सोडणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत हे ठाऊक असेल, तरच ते सोडणे. कागदावरची सही, फोनवरचे बटण, अंगठ्याचा ठसा यांना हा फरक कळत नाही. तो कळण्यासाठी माणसाला भाषाच कळावी लागते.

वर्ष भरल्यावर मी अर्ज भरला. मावशीने मराठीत स्वच्छ अक्षरात सही केली, पण त्याआधी प्रत्येक ओळ मला मोठ्याने वाचायला लावली आणि प्रत्येक इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला. काही दिवसांनी पासबुकात तो आकडा पुन्हा उमटू लागला. शेजारचे ते पोर तोवर माझ्याकडे शिकायला येऊ लागले होते. ‘गिव्ह अप’ वापरून एक वाक्य लिही म्हटले, तेव्हा त्याने लिहिले, ‘‘आजी गेव्ह अप सीताफळ, बट शी डिड नॉट गिव्ह अप हर मनी.’’ मी त्याला दहापैकी दहा दिले आणि मावशीला वाचून दाखवले. तिने अर्थ विचारून घेतला आणि ‘‘आत्ता बरोबर सांगितलंस,’’ म्हणून त्याच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला.

मे २०२० पासून बहुतेक शहरी ग्राहकांच्या खात्यात ही रक्कम येणे थांबले. ज्यांनी सोडली होती आणि ज्यांनी नव्हती, ते एका रांगेत आले. मावशीच्या पासबुकातला आकडाही पुन्हा नाहीसा झाला. या वेळी कोणी बटण दाबले नव्हते. टाळेबंदी उठल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा तिने पासबुक पुढे केले. मी झाला प्रकार सांगितला.

‘‘मग याला इंग्रजीत काय म्हणतात?’’ तिने विचारले.

‘‘फेज आऊट,’’ मी म्हणालो. ‘‘हळूहळू बंद करत आणणे.’’

तिने तो शब्द तोंडात घोळवून पाहिला, पासबुक मिटले आणि फडताळात ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘असं होय. म्हणजे मी सोडलं नाही. आपोआप सुटलं.’’